चढाला लागलेली जुनी लॉरी कशी ऐकावी आणि तिचा आवाज कसा टिपून ठेवावा

पोफळी सोडून भरलेली जुनी गाडी कुंभार्ली घाटाच्या चढाला लागली की ती दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येते. आधी तिसऱ्या गिअरमधली एकसारखी घरघर येते, वळण जवळ आले की ती जड होऊन खाली बसू लागते, मग क्षणभर आवाज तुटतो, त्या क्षणात ड्रायव्हर क्लच दोनदा दाबून मधे एक रेस देतो आणि दुसरा गिअर पडल्यावर इंजिन पुन्हा वरच्या पट्टीत चढते. माझे मामा चिऱ्यांची गाडी चालवत असत आणि घरी बसूनच ते येणारी गाडी भरलेली आहे की रिकामी, टाटाची आहे की लेलँडची, हे सांगत. आज त्याच रस्त्याच्या कडेला तासभर उभे राहिले तरी असा एखादाच आवाज कानावर पडतो. अनेक वर्षे मी हे आवाज ध्वनिमुद्रित करत आलो आहे. चुका करत जी पद्धत हाती लागली ती, ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांच्यासाठी येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्यावी. आपल्याला उभ्या गाडीचा आवाज टिपायचा नाही, तर काम करणाऱ्या गाडीचा टिपायचा आहे. जत्रेत किंवा गॅरेजच्या दारात गाडी सुरू करून रेस दिली की भरपूर आवाज होतो, पण त्यात ओझे नसते आणि ओझ्याशिवाय डिझेल इंजिन आपले खरे रूप दाखवत नाही. चढ, वजन आणि गिअर या तिन्ही गोष्टी जुळून येतात तेव्हाच तो आवाज आपल्या आठवणीतल्या आवाजाशी जुळतो.

आवाज का बदलला, हे समजून घेतल्याशिवाय काय टिपायचे ते कळत नाही. जुन्या गाडीत डिझेलचा पंप पूर्णपणे यांत्रिक असे. तो प्रत्येक सिलिंडरच्या पाळीला ठरलेले डिझेल नोजलमधून एकाच दमात आत मारी, ते पेट घ्यायला किंचित वेळ घेई आणि तोवर साठलेले सगळे डिझेल एकदम पेटे. ती जी ठोक ऐकू येते, तीच जुन्या डिझेलची ‘टक टक’. नव्या कॉमन रेल इंजिनात संगणक आधी थोडेसे डिझेल सोडतो आणि मग मुख्य मात्रा देतो, त्यामुळे ठोक बोथट होते. टर्बोचार्जर आला तेव्हा धुराच्या वाटेतले धक्के टर्बाइनमध्येच शोषले जाऊ लागले आणि त्यांच्या जागी बारीक शीळ आली. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ हे मानक लागू झाल्यावर सायलेन्सरच्या वाटेवर धूर गाळणारी आणि शुद्ध करणारी जी यंत्रे बसली, त्यांनी उरलासुरला गडगडाटही दाबला. हवेच्या दृष्टीने हे योग्यच झाले आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही, मात्र जे जात आहे ते नोंदवून ठेवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

रस्तेही बदलले. कोकण रेल्वेने १९९९ साली भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची रो-रो सेवा सुरू केली. तेव्हापासून कोलाडहून गोव्याच्या वेर्ण्याकडे जाणारे कित्येक ट्रक इंजिन बंद ठेवून सारे घाट ओलांडू लागले. कशेडीला आता बोगदा झाला आहे आणि परशुराम घाटाचे जुने रूप रुंदीकरणात गेले. जुन्या पद्धतीच्या चढासाठी म्हणून कोकणातून देशावर चढणारे घाट धरावेत: चिपळूणहून कराडकडे जाणारा कुंभार्ली, साखरप्याहून चढणारा आंबा, कणकवलीकडचा फोंडा, सावंतवाडीकडचा आंबोली.

कान तयार करण्यासाठी मी प्रत्येक नव्या माणसाला आधी ट्रकचे जुने चित्रपट ऐकायला सांगतो. पाहायला नव्हे, ऐकायला. एकदा चित्रपट नेहमीसारखा पाहून घ्यावा आणि मग निवडलेला प्रसंग हेडफोन लावून, पडद्याकडे पाठ करून ऐकावा. १९५३ च्या ‘द वेजेस ऑफ फिअर’ या फ्रेंच चित्रपटात धक्का बसताच फुटणारे नायट्रोग्लिसरीन दोन ट्रकमधून जळत्या तेलविहिरीपर्यंत न्यायचे असते. त्यात खडबडीत रस्त्याचा असा एक पट्टा आहे की तो एक तर पुरेशा वेगाने पार करावा लागतो किंवा अगदी रांगत. तेथे ड्रायव्हरने काय ठरवले हे संवादांआधी इंजिनच्या पट्टीवरून कळते का, हे स्वतःशी तपासून पाहावे. याच कथेवर १९७७ साली निघालेल्या ‘सॉर्सरर’मध्ये मुसळधार पावसात दोरांच्या झुलत्या पुलावरून ट्रक नेण्याचा प्रसंग आहे आणि त्या चित्रपटाला ध्वनीसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते. त्या प्रसंगात पाऊस, नदी, पुलाच्या फळ्या आणि इंजिन हे चार आवाज कानाने वेगळे काढण्याचा सराव करावा, कारण कोकणातल्या घाटात नेमकी हीच सरमिसळ आपल्यापुढे येणार असते.

‘हेल ड्रायव्हर्स’ हा १९५७ चा ब्रिटिश चित्रपट मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यातले ड्रायव्हर खेपेच्या हिशोबाने खडी वाहतात आणि अरुंद रस्त्यांवर एकमेकांना मागे टाकत पळतात. चिरेखाणीवर खेपेप्रमाणे पैसे घेणाऱ्या माझ्या मामांना ती धावपळ कोणी समजावून सांगावी लागली नाही. मुंबईहून आणलेल्या कॅसेटवर तो चित्रपट पाहताना इंग्रजी एक अक्षर न समजताही ते मधेच म्हणाले होते, “आता हा गिअर चुकणार.” त्यातल्या गाड्या डॉजच्या आहेत. आपल्याकडे डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून येत आणि त्या पिढीतल्या लोकांना ते पुढे आलेले बॉनेट अजून आठवते. स्पीलबर्गचा १९७१ चा ‘ड्युएल’ मात्र शेवटी ऐकावा. त्यात पाठलाग करणाऱ्या पीटरबिल्ट ट्रकच्या ड्रायव्हरचा चेहरा एकदाही दिसत नाही, म्हणून त्याचा राग, त्याचे थांबणे आणि त्याची वाट पाहणे हे सगळे इंजिनच सांगते.

एक सावधगिरी येथे सांगायला हवी. चित्रपटातला इंजिनचा आवाज बहुधा वेगळा टिपून नंतर जोडलेला असतो आणि कधी कधी तो दिसणाऱ्या गाडीचा नसतोही. म्हणून अमुक गाडीचा आवाज कसा होता, याचा पुरावा म्हणून चित्रपट वापरू नये.

आता गाडी शोधण्याविषयी. सर्वांत खात्रीचा माणूस म्हणजे गॅरेजचा मिस्त्री. जुना पंप कोण अजून दुरुस्त करून घेतो, कोणाच्या गाडीचे पासिंग संपत आले आहे आणि कोणती गाडी पुढच्या महिन्यात भंगारात जाणार आहे, हे त्याला अचूक ठाऊक असते. चिरेखाणी, खडीची केंद्रे आणि लाकडाच्या वखारी येथे जवळच्या खेपांना वापरल्या जाणाऱ्या जुन्या गाड्या सापडतात. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजाराकडे निघतात, पण त्या लांबच्या फेरीला आता नव्याच गाड्या असतात. टाटाच्या १२१० आणि १६१२ या गाड्यांचे सहा सिलिंडरचे इंजिन, लेलँडच्या कॉमेटचे इंजिन आणि टाटा ४०७ चे चार सिलिंडरचे इंजिन यांपासून सुरुवात करावी. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि तो पंधरा वर्षे चालला, म्हणून एखाद्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने “आमची मर्सिडीज” म्हटले तर तो ट्रकबद्दलच बोलत असतो, हे ध्यानात ठेवावे.

मालकाची आणि ड्रायव्हरची परवानगी दोघांकडून वेगवेगळी घ्यावी. ड्रायव्हरला आधीच सांगावे की त्याने नेहमीप्रमाणेच गाडी चालवायची आहे. आपण आवाज टिपतो आहोत हे कळले की काही जण प्रेमाने उगाच रेस देतात, भोंगा वाजवतात, आणि ते मुद्रण वाया जाते. केबिनमध्ये बसायचे असेल तर कागदोपत्री जितकी माणसे चालतात त्यापेक्षा एकही जास्त बसू नये. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये; जे विचारायचे ते चहाच्या टपरीवर विचारावे.

साधनांसाठी फार खर्च करण्याची गरज नाही, पण नुसता मोबाइल पुरत नाही. मोबाइल माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. तो खालच्या पट्टीतले आवाज कापतो आणि आवाज मोठा झाला की आपोआप पातळी खाली ओढतो, त्यामुळे गाडी जवळ येत असतानाचा चढता आवाज सपाट होऊन बसतो. हाताच्या तळव्यात मावणारा स्वतंत्र ध्वनिमुद्रक घ्यावा, त्यातली आपोआप पातळी ठरवणारी सोय आणि खालचा आवाज गाळणारी सोय या दोन्ही बंद कराव्यात आणि मुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या मोजमापाने करावे. दोन वाहिन्यांच्या अशा मुद्रणाला तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी, म्हणजे अचानक भोंगा वाजला तरी आवाज फाटत नाही. मायक्रोफोनला केसाळ टोपी हवीच. समुद्राकडून येणारा वारा अंगाला जाणवतही नाही, पण घरी येऊन ऐकले की सगळ्या मुद्रणावर ढबढब ऐकू येते. माझे पहिले दोन हंगाम असेच वाया गेले.

वेळ निवडताना मी डिसेंबर ते फेब्रुवारीतली पहाट निवडतो. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्यामुळे आवाज वर न जाता जमिनीकडे वाकतो व दूरवर स्पष्ट पोहोचतो. पावसाळ्यात ओल्या दरीतून येणारा आवाज मनाला भिडतो खरा, पण धबधब्यांचा आणि पावसाचा आवाज इंजिनच्या आवाजात असा मिसळतो की नंतर तो वेगळा करता येत नाही. रातकिड्यांची मात्र भीती बाळगू नये. त्यांची किरकिर खूप वरच्या पट्टीत असते आणि इंजिन खालच्या, त्यामुळे दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

घाटात उभे राहण्याची जागा दिवसाउजेडी आधी जाऊन ठरवावी. मला नागमोडी वळणाच्या अलीकडची, कठड्याच्या आतली, रस्ता थोडा रुंद झालेली जागा योग्य वाटते, कारण गिअर बदलण्याची क्रिया बहुतेक तेथेच होते. समोर कातळाची भिंत असेल तर पडसादही मिळतो. भिंत ५० मीटरवर असेल तर तो सुमारे पाव सेकंदापेक्षा किंचित उशिरा परत येतो आणि ऐकणाऱ्याला दरीचे माप देतो. वळणावर गाडी जिकडे फेकली जाऊ शकते त्या बाहेरच्या बाजूला कधीही उभे राहू नये. अंगात चमकणारे जाकीट घालावे. चढावर थांबलेल्या गाडीच्या मागे तर कोणत्याही कारणाने जाऊ नये, मग चाकाला दगड लावलेला असला तरीही.

प्रत्यक्ष मुद्रण मी ठरलेल्या क्रमाने करतो. पहाटे गार पडलेल्या इंजिनला सेल्फ मारण्यापासून सुरुवात करावी, कारण गार इंजिनची ठोक सर्वांत कडक असते आणि दिवसातून ती एकदाच मिळते. त्यानंतर गाडी जागेवर उभी असताना बॉनेटपासून दोन मीटरवरून पाच मिनिटे, सायलेन्सरच्या तोंडाशी पण धुराच्या झोताबाहेरून दोन मिनिटे आणि केबिनमधून एक पूर्ण खेप असा क्रम ठेवावा. केबिनमधले मुद्रण अनेक जण टाळतात, पण माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. गिअरच्या दात्यांची रडल्यासारखी बारीक तान, सैल झालेल्या काचेची थरथर, स्प्रिंगच्या पाट्यांची करकर, हवेच्या ब्रेकचा सुस्कारा आणि क्लीनरने दारावर मारलेली थाप हे बाहेरून कधीच मिळत नाही. शेवटी गाडी बंद करतानाचा आवाज अवश्य घ्यावा. जुन्या गाडीत किल्ली फिरवून इंजिन बंद होत नसे. ‘स्टॉप’ची दोरी ओढून डिझेल तोडावे लागे, आणि मग इंजिन दोन-तीन ठोके चुकवत सगळी केबिन हलवून शांत होई. मुद्रक लगेच बंद करू नये. त्यानंतरचे अर्धे मिनिट, तापलेले लोखंड निवताना होणारी टिकटिक आणि मागे उरलेली पाखरे, हेही त्याच मुद्रणाचा भाग आहे.

गाडी समोरून निघून जाते तेव्हा पट्टी उतरते, हे सर्वांना ठाऊक आहे. ती किती उतरते हे पेटीवर तपासता येते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा स्वर येताना आणि जाताना पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराहून किंचित जास्त बदलतो. भजनात पेटी वाजवणाऱ्या कोणालाही हे मुद्रण ऐकवावे. तो गाडीचा वेग अंदाजाने सांगू शकेल.

घरी आल्यावर ऑडेसिटीसारख्या मोफत प्रणालीत मुद्रण उघडून त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती आहे हे दाखवणारे चित्र, पाहावा. त्यात खालच्या भागात एक ठळक रेघ दिसते, ती इंजिनच्या ठोक्यांची. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात तीन ठोके पडतात, म्हणून त्या रेघेच्या हर्ट्झच्या आकड्याला २० ने गुणले की इंजिनचे मिनिटाचे फेरे मिळतात. चार सिलिंडरला ३० ने गुणावे. रेघ ३० हर्ट्झवर असेल तर सहा सिलिंडरचे इंजिन ६०० फेऱ्यांवर उभे आहे. अशा वेळी प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा ठोका देतो, आणि एखादे नोजल नीट मारत नसेल तर सेकंदाला पाच वेळा एक उणीव जाणवते, तीच गाडीची ‘लंगडी चाल’.

ही लंगडी चाल मी पहिल्यांदा शिकलो ती संगणकावर नव्हे. मामांची गाडी एका सकाळी थरथरत होती. मिस्त्रींनी लांब पेचकसाचे टोक इंजिनवर टेकवले, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून घेतले. मग त्यांनी पाना घेऊन एकेका नोजलच्या पाइपाचा नट थोडा सैल केला. पहिला नट सैल होताच इंजिन आणखी अडखळले, तो घट्ट केला; दुसऱ्यालाही तसेच झाले. तिसऱ्याला मात्र आवाजात काहीच फरक पडला नाही. ते म्हणाले, “तीन नंबर झोपलाय,” आणि पुढची कामे सांगू लागले. अशी परीक्षा चालू असेल तेव्हा मुद्रक लावून बसण्याची संधी कधीही सोडू नये, कारण एकाच इंजिनचा निरोगी आणि आजारी आवाज पाठोपाठ मिळण्याचा तो एकमेव प्रसंग असतो.

प्रत्येक मुद्रणासोबत वहीत नोंद करावी: गाडीचे मॉडेल व वर्ष, सिलिंडर किती, टर्बो आहे की नाही, माल कोणता व किती, घाटाचे नाव, चढ की उतार, मायक्रोफोन कोठे होता, आणि मिनिट-सेकंदासह कोणत्या क्षणी कोणता गिअर पडला. मालकाची हरकत असेल तर गाडीचा क्रमांक लिहू नये. ही नोंद नसलेले मुद्रण दहा वर्षांनी आपले आपल्यालाच ओळखता येत नाही.

मूळ फाइल कधीही कापू नये किंवा दाबून लहान करू नये. लोकांना ऐकवायची प्रत वेगळी काढावी. जपणुकीच्या बाबतीत कोकणची हवा निर्दय आहे. माझ्या जुन्या कॅसेटना दोन पावसाळ्यांत बुरशी धरली होती. त्यातून वाचलेल्या कॅसेट आणि त्यांची एकमेव संगणकप्रत घरातल्या एकाच कपाटात होती आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला तेव्हा पाणी त्या कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत चढले. मामांच्या गाडीचा एकही आवाज त्यातून राहिला नाही. तेव्हापासून मी तीन प्रती ठेवतो: एक घरी वरच्या मजल्यावर हवाबंद डब्यात, एक पुण्याला बहिणीकडे आणि एक इंटरनेटवरच्या साठवणुकीत. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, तिन्ही उघडून तपासतो.

शेवटचे काम म्हणजे मुद्रण जुन्या ड्रायव्हरांना ऐकवणे आणि ते ऐकताना जे बोलतील ते वहीत उतरवून घेणे. त्यासाठी मोठे स्पीकर हवेत, कारण लहान स्पीकरमधून खालची पट्टी बाहेर येतच नाही. गेल्या वर्षी मी कुंभार्लीचे एक मुद्रण मामांना ऐकवले. आता त्यांना ऐकू कमी येते, म्हणून त्यांनी तळहात स्पीकरच्या लाकडावर ठेवला. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा डावा पाय जमिनीवर दोनदा दाबला गेला आणि त्यानंतर थोड्या वेळाने मुद्रणातला गिअर पडला. मामा म्हणाले, “उशीर केलान त्याने. वळणाच्या आधी टाकायला हवा होता.” मी ते वेळेसह वहीत लिहून घेतले.